हाताला लागलेली उष्णता

आमच्या प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरवर पूर्ण अंशाच्या रेषा आहेत. डोळे ताणले तर अर्धा अंश वाचता येतो, त्याहून बारीक नाही. तरीही वर्षानुवर्षं मुलांच्या कागदांवर तापमानातली वाढ ६.८५ अशी यायची. सगळ्या टेबलांवर, सगळ्या बॅचेसमध्ये.

प्रयोग बारावीचा आणि सोपा. एका बेकरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात तेवढंच कॉस्टिक सोड्याचं द्रावण. दोन्हीचं तापमान घ्यायचं, एकात एक ओतायचं, ढवळायचं आणि पारा कुठपर्यंत चढतो ते बघायचं. मिश्रणाचं वजन, पाण्याची विशिष्ट उष्णता आणि तापमानातली वाढ यांचा गुणाकार केला की किती उष्णता बाहेर पडली ते निघतं. अडचण एवढीच की अंतिम उत्तर पुस्तकात छापलेलं आहे. मुलं ते उत्तर घेतात, गणित शेवटाकडून सुरुवातीकडे करतात आणि वाढ किती ‘यायला हवी’ ते काढतात. याला आमच्याकडे रीडिंग बसवणं म्हणतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलं बसवतात, शिक्षक बसवू देतात, परीक्षक बसलेलं बघून सही करतात.

मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. वडील कारखान्यात तपासणी विभागात होते. तिथे माप जुळलं नाही की माल परत जायचा. म्हणून असेल, किंवा माझा स्वभाव कटकट्या आहे म्हणून असेल, पण मला हे बसवणं कधी बघवलं नाही. शिवाय या प्रयोगात शिकण्यासारखं जे आहे ते सगळं रीडिंग चुकण्यातच आहे. पारा सातेक अंशांनी चढायला हवा, तो पाच-साडेपाच अंश चढून थांबतो. का? कारण उष्णता फक्त पाण्याला मिळत नाही. बेकरची काच घेते, ढवळायची कांडी घेते, थर्मामीटर स्वतः घेतो, उरलेली हवेत जाते. हे ज्याला कळलं त्याला तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळलं. ज्याने ६.८५ लिहिलं त्याला भागाकार येतो, एवढंच कळतं.

वर्गात मी बटाटेवड्याचं उदाहरण देते. कढईतून सगळा वडा एकदमच निघतो, पण थोड्या वेळाने वरचं आवरण खुशाल धरता येतं आणि आतला बटाटा जीभ पोळतो. आवरण पातळ, कोरडं, त्याच्याकडे साठाच कमी. बटाट्यात पाणी, आणि पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त. ते तापायला उशीर लावतं आणि गार व्हायलाही. मुलं हसतात, पण लक्षात ठेवतात.

तर गेल्या वर्षी मी वर्गात जाहीर केलं, ‘‘दिसेल तेच रीडिंग लिहायचं. कमी आलं तर कमी. आणि निष्कर्षाच्या खाली एका वाक्यात लिहायचं की उरलेली उष्णता कुठे गेली. बोर्डाच्या परीक्षेतही असंच लिहा. मार्क जाणार नाहीत, ती जबाबदारी माझी.’’

माझ्या वर्गात नियमित येणारी मुलं मोजकी. कॉलेजचं एका कोचिंग क्लासशी साटंलोटं आहे, तसं आता बऱ्याच ठिकाणी असतं. निम्म्याहून जास्त मुलं नावाला आमच्याकडे आणि दिवसभर क्लासमध्ये. ती थेट परीक्षेला उगवतात. आम्ही अनुदानित शिक्षक. आम्हाला त्या क्लासमध्ये शिकवायला नियमाने बंदी आहे.

नियमित येणाऱ्यांत लोणी काळभोरची एक मुलगी होती. सकाळी लवकरची बस पकडून यायची. इंग्रजी लिहिताना अडखळायची, मराठीत मात्र सरळ मुद्द्यावर बोलायची. थंडीतल्या एका सकाळी तिचा प्रयोग झाला. बाकीची मुलं चहाला पळाली होती, ही बेसिनवर काचेची भांडी धुवून परत आली आणि टेबलावरचा बेकर उचलून थांबली.

‘‘मॅडम, ही काच पण कोमट हाय की.’’

‘‘मग?’’

‘‘म्हणजे हिनं पण घेतली. आपण पाण्यातली तेवढी मोजली.’’ तिने दोन्ही तळवे बेकरला लावले. ‘‘पाण्यात गेली ती मोजली. माझ्या हाताला लागली ती मोजलीच नाही.’’

‘‘हे असंच लिही,’’ मी म्हटलं.

आमच्याकडे विज्ञान इंग्रजीत लिहावं लागतं. तिने कच्च्या कागदावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते लिहिलं, मी नीट करून दिलं. जर्नल छापील असतं, त्यात आकडे भरायला रकाने असतात, वाक्यांना जागा नसते. कागद तिथेच कुठेतरी राहिला. पण मला त्या वाक्याने दिवसभर बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी वाक्यं फार मिळत नाहीत.

दुपारी स्टाफरूममध्ये मी ते माझ्या मैत्रिणीला सांगितलं, मी नीट केलेलं इंग्रजी वाक्यही म्हणून दाखवलं. ती आणि मी एकाच वर्षी लागलो, एकाच विभागात. आमच्या खुर्च्या शेजारी, डबे एकत्र. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात माझे तास तिने घेतले होते. अलीकडे तिचा गुडघा दुखायचा. फिजिओथेरपीला जायचं म्हणून ती दुपारी लवकर निघायची आणि तिच्या शेवटच्या बॅचची प्रॅक्टिकल्स मी घ्यायची. हे दोन वर्षं चाललं होतं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आपल्या माणसासाठी आपण करतोच.

‘‘परत म्हण बरं,’’ ती चहाचा कप खाली ठेवत म्हणाली.

मी परत म्हटलं.

‘‘काय सुंदर बोलली गं पोरगी. हाताला लागली ती मोजलीच नाही!’’ आणि मग नेहमीच्या सुरात, ‘‘तू त्यांना कवी करून सोडणार, आणि परीक्षक रसायनशास्त्राचा येणार.’’

आम्ही दोघी हसलो.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले परीक्षक निवृत्तीला टेकलेले, कोरड्या बोलण्याचे गृहस्थ होते. सकाळची बॅच क्लासच्या मुलांची. अंतर्गत परीक्षक म्हणून त्यांच्यासोबत माझी मैत्रीण होती. दुपारची बॅच माझ्या मुलांची, तिला मी. दुपारीही मैत्रीण तिथेच थांबली होती, सकाळचे कागद एकत्र बांधत.

दुपारची बॅच संपत आली तेव्हा परीक्षकांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात लोणीच्या मुलीचा कागद होता.

‘‘मॅडम, हिला कॉपीचा रिपोर्ट करावा लागेल.’’

‘‘का?’’

‘‘हे वाक्य बघा. ‘माझ्या हाताला लागलेली उष्णता मोजता आली नाही.’ सकाळच्या बॅचमध्ये जवळपास प्रत्येकाने हेच लिहिलंय. एवढ्या सगळ्या हातांना एकदमच लागली!’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘दुपारच्या बॅचमध्ये फक्त हिने. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत सकाळच्या कुणीतरी हिला सांगितलं. पेपर फुटण्याचाच प्रकार झाला हा.’’

मी सकाळचे दोन-तीन कागद मागून घेतले. तेच वाक्य होतं. मी नीट करून दिलेल्या इंग्रजीत, शब्दाला शब्द. आयुष्यात एकदाही आमच्या बेसिनवर हात न धुतलेल्या मुलांनी लिहिलेलं. रीडिंगही मोठं शहाणपणाने बसवलेलं, ६.८५ नाही, सगळ्यांचं सहा. खरेपणासुद्धा बसवता येतो हे मी त्या दिवशी शिकले.

‘‘हे वाक्य तिचं आहे,’’ मी म्हटलं. ‘‘थंडीत तिने माझ्यासमोर म्हटलं होतं.’’

‘‘तुम्ही तिच्या शिक्षिका. तुम्ही म्हणणारच. आणखी कुणाला माहीत आहे?’’

‘‘आहे ना.’’ मला हायसं वाटलं. मी मैत्रिणीकडे वळले. ‘‘तूच सांग. मी त्या दिवशी चहा पिताना तुला हे वाक्य सांगितलं होतं की नाही?’’

ती गठ्ठ्याला दोरा बांधत होती. तिने गाठ मारली, ओढून पाहिली.

‘‘मला नाही बाई आठवत,’’ ती म्हणाली. ‘‘तू रोज इतकं काय काय सांगतेस.’’

माझ्याकडे न बघता म्हणाली, म्हणजे तिला आठवत होतं.

मी तिथे भांडले नाही. समोर मुलगी उभी होती. तिला ‘रिपोर्ट’ हा शब्द ऐकू गेला होता आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बोर्डाच्या परीक्षेत कॉपीची केस म्हणजे निकाल अडकतो, कधी सगळी परीक्षाच रद्द होते. आधी ते निस्तरायला हवं होतं.

‘‘सर, तिची तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे,’’ मी म्हटलं. ‘‘ज्याचं वाक्य त्याला त्याचा अर्थ माहीत असणार. तिला विचारा.’’

परीक्षकांनी थोडा विचार केला. ‘‘ये गं इकडे.’’ ती पुढे आली. ‘‘मघाशी या बॅचला मी बेकर हातात धरून पाहिला. मिश्रण गरम झाल्यावरसुद्धा काच काही गरम लागत नाही. आपला हात त्याहून गरम असतो. मग तुझ्या हाताला उष्णता लागली कशी? सकाळी एकाला विचारलं तर म्हणाला, सर, चांगलाच चटका बसला!’’

‘‘आज नाही लागली सर.’’

‘‘अस्सं?’’

‘‘ते थंडीतलं हाय. तेव्हा मी बेसिनला भांडी धुवून आले होते. नळाचं पाणी लई गार. हात काचेपेक्षा गार होते, म्हणून काचेतली माझ्या हातात आली. आज हात गरम हायेत. आज धरला तर उलट माझ्या हातातली काचेत जाईल.’’ जरा थांबून म्हणाली, ‘‘जिथं जास्त तापमान तिथून कमीकडं जाते ना. काच गरम का गार, ते हातावर पण हाय.’’

परीक्षकांनी कागदावर पुन्हा नजर टाकली. मग म्हणाले, ‘‘मग आज का लिहिलंस? आज तर लागली नाही.’’

ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘मॅडमना आवडलं होतं.’’

त्यांनी कागदावरची पेन्सिलची खूण खोडली. ‘‘जा. आणि दिसेल ते लिहीत जा, आवडेल ते नाही.’’ ती गेल्यावर मला म्हणाले, ‘‘वाक्य हिचंच आहे. ते सकाळच्यांकडे कसं गेलं हे मी विचारत नाही. विचारलं तर मला लिहावं लागेल, आणि एवढ्या पोरांची केस केली तर मला पुण्यात फिरता येणार नाही.’’ मग माझ्या मैत्रिणीकडे वळून, अगदी सभ्यपणे, ‘‘मॅडम, तुमच्या बॅचला निष्कर्षाचे पूर्ण मार्क देतो. हरकत नाही ना?’’

तिची हरकत नव्हती.

मी खाली गेले. गेटबाहेरच्या सँडविचच्या गाडीवर सकाळच्या बॅचमधली दोन मुलं अजून रेंगाळत होती. त्यातल्या एकीला मी सरळ विचारलं, हाताला लागलेली उष्णता तुम्हाला कुणी दिली?

‘‘क्लासमध्ये मॅम. आपल्याच मॅम येतात ना तिकडे,’’ तिने माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं. ‘‘त्या म्हणाल्या, आता एक्झामिनर लोक बसवलेलं रीडिंग लगेच पकडतात. थोडं कमी दाखवा आणि ही लाइन टाका. पर्सनल टच वाटतो.’’ मग माझं तोंड बघून, ‘‘का मॅम? चुकीची आहे का लाइन?’’

‘‘नाही. बरोबर आहे.’’

‘‘मॅम कसल्या भारी शिकवतात! रोज दुपारी असतात. दोन वर्षं झाली.’’

रोज दुपारी. दोन वर्षं. म्हणजे गुडघा.

ती पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली लावत होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

‘‘फिजिओथेरपी कशी चाललीय?’’

तिला लगेच कळलं. आम्ही इतकी वर्षं एकत्र काढलेली, लांबलचक बोलायची गरज नव्हती. ‘‘तिथे मी काय सांगायला हवं होतं?’’ ती म्हणाली. ‘‘आठवतंय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय होता? क्लासच्या मुलांना कसं कळलं. माझी नोकरी गेली असती. तुला ते चाललं असतं?’’

‘‘तिचं वर्ष गेलं असतं.’’

‘‘नाही ना गेलं? तू होतीस. मला माहीत होतं, तू काहीतरी करशील.’’

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. तिने माझ्यावर विसंबूनच मला खोटं पाडलं होतं.

‘‘तू मला क्लासचं सांगितलं का नाहीस?’’

‘‘तू तुझे ते नियम काढले असतेस.’’

‘‘काढले असते. आणि तुझ्या बॅचेसही घेतल्या नसत्या.’’

‘‘बघ, म्हणूनच.’’ ती जवळजवळ हसली. ‘‘अगं, एक वाक्य होतं. इतकं काय? आणि चांगलं वाक्य होतं म्हणूनच घेतलं ना. चाळीस मुलांपर्यंत पोचलं, तुझ्याकडे पाचांपर्यंतच पोचलं असतं.’’

‘‘चाळीस मुलांपर्यंत काय पोचलं? त्यातल्या एकाला चटका बसला.’’

तिने स्कूटर मागे घेतली, पाय टेकवून, अगदी सहज. गुडघा ठणठणीत होता.

मी तक्रार केली नाही. उदार वगैरे नाही मी. तक्रार केली असती तर मुलीला पुन्हा साक्षीला उभं राहावं लागलं असतं, थिअरीच्या ऐन तोंडावर. तेवढ्यासाठी गप्प राहिले. शेवटच्या बॅचेस घेणं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगितलं की जमत नाही. डबा मी माझ्या टेबलावर खाते. ती अजूनही शेजारीच बसते, खुर्च्या विभागाने दिलेल्या आहेत, हलवता येत नाहीत. एकदा तिने तिच्या हातची लसणाची चटणी माझ्या झाकणात वाढली. मी ती खाल्ली. चटणी चांगली करते ती. पण वर्गात काय झालं, कोण काय बोललं, यातलं मी तिला आता काही सांगत नाही, आणि मग दिवसभरात सांगण्यासारखं फारसं उरत नाही. इतकी वर्षं मी जे शिकवलं त्याचा निम्मा आनंद तिला सांगण्यात होता, हे मला आधी माहीत नव्हतं. आता तिला पूर्वी सांगितलेल्यातलं काय काय तिकडे गेलं असेल, याचा हिशेब मी लावत बसत नाही. बटाटेवडा मात्र गेलाय. एका क्लासच्या मुलाने मला ते उदाहरण सांगितलं, मला माहीत नसेल म्हणून.

प्रॅक्टिकलच्या दुसऱ्याच दिवशी लोणीची मुलगी मला जिन्यात भेटली होती.

‘‘मॅडम, एक विचारू? माझं वाक्य तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?’’

‘‘हो. एका जणीला. मला आवडलं म्हणून.’’

तिने मान हलवली. रागावली नव्हती. बस पुढच्या थांब्यावरून सुटते, उद्यापासून तिकडे जायचं, असं कुणी सांगितलं तर आपण जशी मान हलवू तशी.

थिअरीच्या आधी मी उजळणीचे तास घेतले. नेहमीची पाच-सहा मुलं, पंखा फुल्ल. ऊष्मागतिकीच्या धड्यापाशी आलो तेव्हा मी विचारलं, ‘‘दोन सारखी पातेली. एकात पाणी, एकात तितक्याच वजनाचं तेल. खाली सारखीच आच. आधी काय तापेल, आणि का?’’

असल्या प्रश्नाला पूर्वी तिचा हात आधी वर यायचा आणि उत्तरात घरची कढई, आई, चुलीतली लाकडं असं सगळं यायचं. तो फाफटपसारा असायचा आणि त्यातच कुठेतरी अचूक उत्तर असायचं. या वेळी हात वर आला नाही. मी नाव घेऊन उठवलं.

‘‘तेल,’’ ती म्हणाली.

‘‘का?’’

ती थांबली. तिला काहीतरी सुचलं होतं, ते मला दिसलं. एवढी वर्षं शिकवल्यावर ते दिसतंच. मग तिने पुस्तकाकडे पाहिलं.

‘‘व्याख्या सांगू का मॅडम?’’

आणि तिने विशिष्ट उष्णतेची व्याख्या म्हणून दाखवली. इंग्रजीत, एकदाही न अडखळता, स्वल्पविरामासकट. ‘हाय’ नाही, ‘लई’ नाही, कुठेही हात नाही. वर्गातल्या कुणीही, कुठल्याही वर्गातल्या कुणीही, ती तशीच म्हटली असती.

मी म्हटलं, ‘‘बरोबर.’’

ती खाली बसली. बरोबरच होतं ते, पूर्ण मार्कांचं.